अंगात शर्ट, शर्टात वारा

पत्र: ताई, नमस्कार. मी ३६ वर्षांचा आहे, राहायला जुळे सोलापुरात. पंप आणि पाइपच्या एका डीलरकडे ऑर्डरी आणि वसुलीचं काम बघतो. दिवसातले चार-पाच तास गाडीवर जातात. आज मोहोळ, उद्या अक्कलकोट, परवा बार्शी. मार्चमध्ये ऑनलाइन सेल लागला तेव्हा पाच शर्ट घेतले, ‘प्रीमियम कॉटन ब्लेंड, स्लिम फिट’. एप्रिल लागला आणि पाठीवर, बगलेत घामोळं उठलं. दुपारी शर्ट पाठीला चिकटतो, संध्याकाळी त्याला वास येतो. बायको म्हणते लिनन घ्या. मित्र म्हणतो लिनन दोन तासांत चुरगळतं, पैसे पाण्यात. माझं पोट थोडं सुटलंय, सैल घातलं की आणखी जाड दिसेन असं वाटतं. गडद रंग घेतो तेही त्यासाठीच. गिऱ्हाइकापुढं गबाळं दिसून चालत नाही. बजेट ४,००० रुपये. कापड कुठलं घेऊ? हाफ बाही की फुल? आत बनियन घालावं का?

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

आधी घामोळ्याचं बोलू, कारण ते आज त्रास देतंय. घामाची वाट त्वचेतच अडली की घामोळं येतं. त्यावर जाड मलम किंवा तेल चोपडू नका, त्याने वाट आणखी अडते. घरी आल्या आल्या गार पाण्याने अंघोळ करा, अंग कोरडं करा आणि तासभर पंख्याखाली उघड्या अंगाने बसा. आठवड्याभरात कमी झालं नाही, पुळ्यांत पू दिसला किंवा ताप आला तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आणि ते पाच शर्ट आजपासून बाजूला ठेवा. दिवाळीनंतर थंडीत ते कामाला येतील.

आता त्यातल्या एकाच्या आतली शिवणीतली पट्टी वाचा. पुढे ‘प्रीमियम कॉटन’ मोठ्या अक्षरांत असेल, पण आत बारीक अक्षरांत पॉलिएस्टरचा आकडा सापडेल. ‘ब्लेंड’ म्हणजे हेच, आपण ज्याला टेरिकॉट म्हणत आलो ते. सोलापूरला टेरिकॉट काही नवं नाही. आपल्याकडे शाळांचे गणवेश शिवून गावोगाव जातात, त्यांत हेच कापड भरपूर असतं. फाटत नाही, रंग टिकतो, इस्त्री फारशी लागत नाही. शाळेतल्या पोराला ते ठीक आहे. दुपारी दोन वाजता मोहोळच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाला नाही. साध्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल पोटात धरतो, लिनन १२ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम धाग्यात शिरत नाही, म्हणून तो तुमच्या पाठीवरच राहतो आणि शर्ट त्याला चिकटतो. संध्याकाळचा वासही त्यातलाच. पॉलिएस्टर अंगाचं तेल धरून ठेवतं आणि वास धुऊनही पुरता जात नाही.

पण एवढं वाचून ‘शंभर टक्के कॉटन’ लिहिलेलं काहीही उचलू नका. आपल्या घरातली साधी गोष्ट बघा. सोलापूरचा जाड टर्किश टॉवेल आहे ना, तो शंभर टक्के सुती. पाणी पिण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण तो अंगावर घेऊन उन्हात कोणी जाईल का? पाणी प्यायलेला टॉवेल दोरीवर किती वेळ ओला राहतो आणि शेजारचं मलमलचं उपरणं किती लवकर वाळतं, ते आठवा. धागा दोन्हीकडे कापसाचाच आहे. उन्हाळ्याच्या शर्टाने घाम प्यायला हवाच, पण लगेच वाळून मोकळंही व्हायला हवं. गारवा मिळतो तो वाळण्यातून. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो. ओघळून खाली पडलेला घाम काहीच नेत नाही, फक्त कॉलर काळी करतो.

या बाबतीत आपलं गाव आपल्याला साथ देतं. पारा ४२-४३ वर जातो हे खरं, पण दुपारची हवा कोरडी असते. मुंबईत ३४ ला माणूस निथळतो, कारण तिथल्या हवेत घाम घ्यायला जागाच उरलेली नसते. आपल्या हवेला घाम हवा असतो. मधे कापड आडवं आलं नाही की झालं.

माझे वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. घरात नवं कापड आलं की ते आधी खिडकीपाशी नेत, दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरत आणि मग भाव विचारत. मी अजूनही कापड तसंच घेते, आणि तुम्हालाही तेच सांगते. ताण्या-बाण्याच्या, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांच्या मधून उजेडाचे बारीक ठिपके सारखे दिसले तर त्यातून वारा जाईल. कापड उजेडापुढं नुसतं उजळलं, पण ठिपके दिसले नाहीत, तर वीण घट्ट आहे. मग दुकानदार ‘हंड्रेड काउंट’ म्हणो नाहीतर आणखी काही. काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा. ६० काउंट म्हणजे एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या ६० लडी, म्हणजे साधारण ४६ किलोमीटर धागा. अर्ध्या किलोपेक्षा कमी सुतात तुम्ही सोलापूरहून अक्कलकोटला पोचाल आणि वर थोडं उरेल. इतका बारीक धागा हलकाच असतो. पण तो दाटीवाटीने विणला तर पॉपलिनचा जो चकचकीत, गुळगुळीत शर्ट होतो, तो ऑफिसात एसीखाली शोभतो आणि उन्हात गरम होतो. म्हणून ४० ते ६० काउंटचं, जरा मोकळ्या विणीचं कापड मागा. दुकानात कुणी जीएसएम सांगितला, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, तर सुती शर्टाला १०० ते १२० ग्रॅम चांगलं. जाड टॉवेल ४०० च्या पुढे असतो, यावरून अंदाज येईल.

आणखी एक खूण. कापड तोंडाजवळ धरून आरपार फुंकर मारा. पलीकडे तळहात धरा. फुंकर हाताला लागली पाहिजे. दुकानात हे करताना लाजू नका, आपल्या गावात कापडाची पारख करणाऱ्याला मान आहे.

कापडाची नावं अनेक ऐकाल, तुमच्या कामाची तीन-चारच. कॅम्ब्रिक आणि हलकं शांब्रे ही रोजच्या वापराची भरवशाची कापडं. मलमल सर्वांत गार, पण गाडीवर पाठीला बॅग घासून ती लवकर विरते आणि आतलं दिसतं, म्हणून ती घरच्या आणि लग्नाकार्याच्या कुडत्यासाठी ठेवा. हातमागाचं सुती कापड मिळालं तर जरूर घ्या. त्याची वीण यंत्रमागापेक्षा थोडी सैल आणि थोडी असमान असते, आणि तोच असमानपणा कापडाला अंगापासून जरा दूर ठेवतो. खादीचं तेच, तिथे सूतही हाताने कातलेलं. १९३० च्या मार्शल लॉमध्ये ज्या सोलापुरात गांधी टोपी घालायला बंदी होती, त्या गावात खादीचं दुकान शोधायला माणसाला वाट विचारावी लागू नये असं मला मनापासून वाटतं. फक्त खादी घेताना बारीक सुताची मागा. जाड खादी नोव्हेंबरात बरी.

आणि एक कापड फारसं कुणी मागत नाही, पण तुमच्यासाठी मला तेच सर्वांत योग्य वाटतं: सिअरसकर. नाव इंग्रजांनी वळवलेलं असलं तरी मूळ फारसीतलं आहे, शीर-ओ-शकर, दूध आणि साखर. एक पट्टी दुधासारखी सपाट, शेजारची साखरेसारखी खरखरीत, चुणीदार. ती चुणी विणतानाच पडते. काही धागे ताठ आणि काही सैल ठेवून विणतात, म्हणून ती धुऊन जात नाही. कापड अंगाला फक्त चुणीच्या टोकांवर टेकतं, बाकी सगळीकडे हवा. इस्त्री लागत नाही आणि चुरगळलेलं दिसत नाही, कारण ते मुळातच चुणीचं. गिऱ्हाइकापुढं नीटनेटकं दिसायचं आणि दिवसभर गाडीवर असायचं, या दोन्हींची त्यात सोय होते. घेताना ते शंभर टक्के सुती आहे ना, एवढं बघा. पॉलिएस्टरचंही येतं.

लिननबद्दल वहिनी आणि मित्र दोघंही खरं बोलतायत. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या खोडाचा धागा. आपण जवसाची चटणी खातो ना, जात तीच. फक्त धाग्यासाठीचं वाण उंच वाढणारं असतं आणि ते मुख्यतः फ्रान्स, बेल्जियमकडे पिकतं, म्हणून ते महाग. धागा ताठ असतो, त्यामुळे शर्ट अंगाला चिकटत नाही, आणि ओल घेऊन लगेच सोडतो. त्याच ताठपणामुळे घडी पडली की पडली. लिननला चुण्या पडणारच, त्या त्याला शोभतातही, पण तुमच्या शेतकरी आणि दुकानदार गिऱ्हाइकांना ते कसं वाटेल हे तुम्हालाच माहीत. ४,००० रुपयांत सगळे शर्ट लिननचे घेऊ नका. एक घ्या, रविवारी आणि संध्याकाळी घालायला, किंवा कॉटन-लिनन मिश्रण घ्या, ते कमी चुरगळतं आणि त्यात दोन्ही धागे घाम पिणारे असतात. दुकानदार ‘६० ली’ म्हणाला तर ते लिननच्या सुताच्या बारीकपणाचं माप, शर्टाला ते चांगलं. मात्र ‘लिनन लुक’, ‘लिनन फिनिश’ हे शब्द ऐकले की सावध व्हा. मी स्वतः मुलासाठी एका दुकानातून हौसेने असं कापड आणलं होतं. धाग्यात गाठी दिसत होत्या, हाताला खरखरीत लागत होतं, दरही लिननचाच. शिवून झाल्यावर मुलाने एकदा घातला आणि म्हणाला, आई, प्लॅस्टिकची पिशवी घातल्यासारखं वाटतंय. कापडाच्या कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवले, तर ते वितळून काळा कडक मणी झाला. सूत किंवा लिनन कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. ही परीक्षा आता मी कापड शिवायला टाकायच्या आधी करते. दुकानात नाही, घरी आणून, मोरीत, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून.

रेयॉनचे फुलाफुलांचे शर्ट हल्ली सगळीकडे दिसतात. अंगाला गार लागतात आणि घामही पितात, पण ओले झाले की कमजोर होतात आणि धुतल्यावर आटतात. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर फिरायला ठीक. ‘बांबू’ म्हणून जे विकतात तेही बहुतेक रेयॉनच्याच जातीचं असतं.

आता फिटिंग, आणि इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. सैल शर्टात जाड दिसाल ही भीती काढून टाका. पोट दिसतं ते शर्ट पोटावर ताणला जातो म्हणून. बटणांच्या मधे फट पडते, आडव्या सुरकुत्या येतात आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. छातीवरून सरळ खाली सुटणारा शर्ट पोटावरून जातो, पोटाला धरत नाही. गबाळा दिसतो तो खांदे उतरलेला शर्ट. रेडिमेडमध्ये पोटाच्या मापाने मोठा नंबर घेतला की खांदा दंडावर येतो आणि बाही कोपराला लोंबते, आणि त्यालाच लोक सैल शर्ट समजतात. तुमच्यासारख्या अंगाला यावर सरळ उपाय एकच, शिवून घ्या. खांदा तुमच्या मापाचा बरोबर, घेर मोकळा.

टेलरला नेमकं काय सांगायचं ते सांगते. छातीच्या मापावर सहा इंच लूज ठेवा, आणि पोटाचं माप छातीपेक्षा जास्त असेल तर तिथेही तेवढंच. कंबरेला गोलाई देऊ नका, सरळ कट. मुंढ्याला बगलेखाली दोन बोटं आरामात शिरली पाहिजेत, पण फार खाली उतरवू नका. मुंढा खाली गेला की हात हँडलवर ठेवताना सगळा शर्ट वर खेचला जातो. पाठीला खांद्याच्या पट्टीखाली एक बॉक्स प्लेट घ्या, गाडीवर वाकलं की ती उघडते आणि पाठीवर हवा राहते. कॉलरमध्ये बकरम, म्हणजे आतलं ताठ अस्तर, जाड नको. तुम्ही बाहेर काढून घालणार असाल तर लांबी मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत पुरे, दोन्ही बाजूंना दीड-दोन इंचांच्या फटी. छातीवर खिसा एकच, कारण खिसा म्हणजे कापडाचा दुसरा थर, आणि मोबाइल त्यात ठेवला तर तेवढी छाती भिजलेलीच राहते.

कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघायला विसरू नका. ५८ इंची पन्ह्यात फुल बाहीला साधारण १.६० मीटर लागतं, ३६ इंचीत सव्वादोन, आणि तुमच्या घेराला थोडं जास्त धरा. हातमागाचा पन्हा पुष्कळदा लहान असतो. शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवा आणि न पिळता सावलीत वाळवा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. ते शिवण्याआधी आटलेलं बरं.

बाही फुल घ्या. यात मी ठाम आहे. हवाच अंगापेक्षा गरम असते तेव्हा उघड्या हातावर येणारा वारा उष्णताही घेऊन येतो, आणि ऊन थेट कातडीवर पडतं. शेतात भर दुपारी राबणारा माणूस अंगभर कपडे आणि डोक्याला पटका का बांधतो ते तुम्ही रोज रस्त्याच्या कडेला बघता. सैल फुल बाही ही हाताची सावलीच. गाडीवरून उतरलात की कोपरापर्यंत दुमडा. साधी कॉलरच ठेवा, स्टँड कॉलर नको. गाडीवर साधी कॉलर उभी केली की मान भाजत नाही.

गडद रंग सोडा. काळा, नेव्ही, मरून, हे उन्हातली उष्णता ओढून घेतात. पण पांढराशुभ्रही मी तुम्हाला सुचवणार नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि पांढरा शर्ट रस्त्याच्या धुळीतून आला की दोन पाण्यांत निघत नाही. फिका राखाडी आणि आकाशी टाळा, त्यांवर घामाचा डाग सर्वांत गडद उठतो. बदामी, मोतिया, फिका पिस्ता किंवा पांढऱ्यावर बारीक रेघा आणि चौकडी घ्या. रेघांत घामाचा डागही लपतो आणि धूळही.

बनियनचं उत्तर कापडावर अवलंबून आहे. सिअरसकर किंवा लिननच्या आत नको, तिथे ते मधली हवा मारून टाकतं. पातळ कॅम्ब्रिकच्या आत आतलं दिसू नये म्हणून हवंच असेल तर पातळ, बिनबाह्यांचं, शंभर टक्के सुती, आणि एक जास्तीचं गाडीच्या डिकीत. दुपारच्या जेवणाला बदला. घामोळं जाईपर्यंत ओल्या बनियनवर दुपार काढू नका.

४,००० रुपयांचा हिशेब असा करा. पाच नको, तीन शर्ट. एक सिअरसकर आणि एक कॅम्ब्रिक किंवा हातमाग, दोन्ही शिवून, आणि उरलेल्या पैशांत एक कॉटन-लिनन, जमलं तर रेडिमेड, खांदा बरोबर बसत असेल तरच. तीन पुरतील का असं वाटेल. पातळ सुती शर्ट अर्ध्या बादलीत धुऊन निघतो आणि मे महिन्यात दोरीवर तासाभरात वाळतो. रात्री धुतला तरी सकाळी घालता येतो. खळ घालू नका, वहिनींनाही सांगा. खळ धाग्यांच्या मधली भोकं बुजवते, आणि आपण इतकं उजेडासमोर धरून निवडलेलं कापड पुन्हा बंद होतं. उलटा करून सावलीत वाळवा, नाहीतर आपलं ऊन महिनाभरात रंग उडवेल.

नवी पेठेत जाणार असाल तर सकाळी दुकानं उघडताना जा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली कापडाची वीण कळत नाही आणि रंगही फसवतो. ठाण पसंत पडलं की दुकानाच्या पायरीवर उजेडात नेऊ द्या म्हणावं, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. आणि शर्ट शिवून आला की टेलरकडे आरशासमोर नुसते उभे राहू नका. खुर्चीवर बसा, गाडीचं हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा, पाठ थोडी वाकवा. तेव्हा पाठीत ओढ लागली किंवा पोटावरचं बटण ताणलं, तर तिथल्या तिथे उसवायला सांगा.

तुमची,
ताई